आजीच्या भिंतीवरचा देव, हेंड्रिक्सचा टी-शर्ट आणि एक जपानी पोस्टर

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. ज्यांना चित्रं समोर ठेवून सावकाश वाचायचं आहे त्यांच्यासाठी. बोलताना जिथे मी अडखळलो ते काढलंय, बाकी भाषा तशीच ठेवली आहे.)

०:०० सुरुवात

आज चित्रांवर बोलायचं आहे, आणि पॉडकास्टवर चित्र दाखवता येत नाही. त्यामुळे आधीच सांगतो, फोन हातात असेल तर दोन गोष्टी शोधून ठेवा. पहिली, जिमी हेंड्रिक्सच्या ‘ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह’ या अल्बमचं कव्हर. दुसरी, तादानोरी योकोओ या जपानी कलाकाराचं १९६५ सालचं पोस्टर. योको ओनो नाही हां! योकोओ. शेवटचा ‘ओ’ जरा लांबवायचा.

हा विषय डोक्यात आला एका टी-शर्टमुळे. मी ऑनलाइन हेंड्रिक्सचा एक टी-शर्ट मागवला. मस्त भडक रंग, मधोमध चेहरे, मागे हातच हात, फण्या काढलेले नाग, सगळं एकदम ट्रिपी. तो घालून पुण्याहून आजीला व्हिडिओ कॉल केला. आजी दारव्ह्याला असते, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, निरखून पाहिलं आणि म्हणाली, “अरे, हा तं आपल्या भितीवरचा देव होय. याले अंगात काऊन घातलं बाप्पा? अन् हे मधातले तीन मानसं कोन होय?”

मी हसलो. मग हसू थांबलं. कारण ती बरोबर बोलत होती. आणि तो भिंतीवरचा देव घरातून काढायला लावणारा मीच होतो. घराला रंग दिला, पीओपीचं सीलिंग केलं, तेव्हा मीच म्हणालो होतो की हे जुनाट फोटो काढा आता, शोभत नाहीत. आजी काही बोलली नाही. फ्रेम गावाबाहेरच्या पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवली. जुन्या देवांच्या तसबिरी जिथे ठेवतात तिथे.

म्हणजे घरातलं चित्र मी ‘जुनाट’ म्हणून बाहेर काढलं आणि तेच चित्र लंडनमार्गे आलं तेव्हा पैसे देऊन छातीवर घातलं. आजचा एपिसोड याच्यावर आहे. असं का होतं, आणि ज्याला आपण ‘सायकेडेलिक’ म्हणतो ते चित्र वाचायचं कसं.

३:२० त्या टी-शर्टवर नक्की काय आहे?

आधी हा हिशोब पूर्ण करू. ‘ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह’ हा अल्बम डिसेंबर १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये आला. कव्हर केलं रॉजर लॉ आणि डेव्हिड किंग यांनी. त्यांनी भारतात छापलेलं विष्णूच्या विराट रूपाचं एक बाजारी चित्र घेतलं आणि त्यात बँडच्या तिघांचे चेहरे बसवले. हेंड्रिक्सला हे कव्हर फारसं पटलं नव्हतं. त्याचं म्हणणं होतं की आपल्या घराण्यात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं रक्त आहे, इंडियन दाखवायचेच होते तर ते दाखवायचे. म्हणजे इंडियन शब्दाचा घोळ झाला!

पण मुद्दा वेगळाच आहे. १९६७ साली लंडनच्या पोरांना जे चित्र बघून ‘वाह, काय ट्रिप आहे’ वाटलं, ते चित्र काढणाऱ्याने कुठलीही नशा केलेली नव्हती. तो गीतेच्या अकराव्या अध्यायातला प्रसंग काढत होता. अर्जुन म्हणतो, तुझं खरं रूप दाखव. आणि मग त्याला सगळं एकदम दिसतं. सगळे देव, सगळी तोंडं, जन्म आणि मरण, झालेलं आणि व्हायचं असलेलं. ते बघून अर्जुन घाबरतो, हे विसरू नका.

‘सायकेडेलिक’ हा शब्द १९५० च्या दशकात हंफ्री ऑस्मंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने तयार केला. ग्रीक शब्दांवरून. अर्थ साधारण असा, की मनातलं उघड करून दाखवणारं. शब्द औषधांच्या संदर्भात आला, म्हणून आपल्याला वाटतं की अशी चित्रं नशेतूनच येतात. पण ‘सगळं एकाच वेळी दिसणं’ ही कल्पना आपल्या भिंतींवर त्याच्या कितीतरी आधीपासून लटकलेली होती. खिळ्याला. खाली तारखांचा गठ्ठा लावून.

७:०५ आता जपानकडे. २९ व्या वर्षी ‘मेलेला’ माणूस

तादानोरी योकोओ. जन्म १९३६. गाव निशिवाकी, ह्योगो प्रांत. हे कापड विणणारं गाव आहे. सूत आधी रंगवून मग विणायची तिथली जुनी पद्धत आहे. त्याला दत्तक घेतलेले आईवडील किमोनोच्या कापडाचा व्यापार करायचे. म्हणजे घरात कापडाचे तागे, आणि ताग्यांवर रंगीबेरंगी लेबलं. उगवता सूर्य, किरणं, सोनेरी अक्षरं. पोरगा ते बघत मोठा झाला. पुस्तकांतली चित्रं हुबेहूब उतरवून काढायची त्याला लहानपणापासून सवय.

१९६० मध्ये तो टोकियोला मोठ्या डिझाइन कंपनीत लागला. तेव्हाच्या जपानमध्ये चांगलं डिझाइन म्हणजे काय, तर स्वच्छ, मोजकं, भरपूर मोकळी जागा. युरोपातून आलेली आधुनिक शिस्त. आपल्या भाषेत बोलायचं तर मिनिमल यूआय. १९६४ ला टोकियो ऑलिंपिक झालं, त्याच वर्षी बुलेट ट्रेन सुरू झाली. देशाला जगापुढे नवीन, चकचकीत दिसायचं होतं. मग ताग्यांवरची लेबलं, काडेपेटीवरची चित्रं, तमाशाच्या थाटाची जुनी पोस्टरं, हे सगळं गावठी ठरलं. लपवायची गोष्ट. हे सगळं त्यांचं पीओपी सीलिंग होतं म्हणा ना!

आणि १९६५ मध्ये, टोकियोच्या गिंझा भागातल्या मात्सुया डिपार्टमेंट स्टोअरमध्ये ‘पर्सोना’ नावाचं डिझायनर लोकांचं प्रदर्शन भरलं. तिथे योकोओने स्वतःचंच पोस्टर लावलं. कुठल्या वस्तूची जाहिरात नाही. जाहिरात स्वतःची. आणि त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, अर्थ असा की वयाच्या २९ व्या वर्षी मी शिखर गाठलं आणि मेलो.

आता ते पोस्टर उघडा. तुकड्या-तुकड्याने बघू.

१०:४० पोस्टर वाचूया

पहिली गोष्ट, किरणं. लाल आणि निळ्या पट्ट्यांनी सूर्याची किरणं पूर्ण कागदावर पसरलेली. जपानमध्ये या किरणांना दोन अर्थ आहेत आणि दोन्ही एकमेकांना टोचतात. एक अर्थ आनंदाचा. मासेमारीच्या बोटी भरून आल्या की लावायचे झेंडे, सणाची सजावट, मालाची लेबलं. दुसरा अर्थ युद्धाचा. जपानी लष्कराचा झेंडा असाच किरणांचा होता, आणि कोरिया-चीनमध्ये तो बघून लोकांना आजही राग येतो. युद्ध हरल्यावर शहाण्या डिझायनरांनी ही किरणं टाळली. योकोओने ती कागदभर लावली. कापडाच्या लेबलावरचा सूर्य आणि सैन्याचा सूर्य, वेगळे करायची सोयच त्याने ठेवली नाही. बघणाऱ्याला दोन्ही एकदम बघावे लागतात.

दुसरी, फाशी घेतलेला माणूस. मधोमध सूट घातलेला माणूस दोराला लटकतोय आणि त्याच्या हातात गुलाब आहे. हा योकोओच. पण कुठला योकोओ मेला? मला ते असं वाचता येतं, की टोकियोतला शिस्तीचा, सुटाबुटातला, आधुनिक डिझायनर योकोओ मेला. निशिवाकीचा पोरगा मेला नाही. उलट तोच हे पोस्टर काढतोय. आणि गुलाब? आपल्याच अंत्यविधीला आपणच फूल घेऊन आलोय, असा तो विनोद आहे. भीषण आहे, पण विनोदच आहे. पुढे १९६८ मध्ये त्याने स्वतःच्या कामाचा संग्रह काढला तोसुद्धा ‘मरणोत्तर’ संग्रह म्हणून. माणूस चांगला धडधाकट होता, आणि त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं चित्रं काढत राहिला.

तिसरी, वरचे कोपरे. तिथे फुजी पर्वत आहे, बुलेट ट्रेन आहे आणि स्फोट आहे. फुजी म्हणजे जुना जपान, पोस्टकार्डावरचा, प्रत्येक वस्तूवर छापलेला. ट्रेन म्हणजे एकच वर्ष आधी सुरू झालेला नवा जपान. आणि स्फोट बघितला की जपानी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये योकोओ नऊ वर्षांचा होता.

चौथी, खालचा भाग. तिथे फोटो आहेत. एक त्याचा तान्हेपणाचा, दीडेक वर्षाचा. एक शाळेतल्या पोरांचा ग्रुप फोटो. म्हणजे खाली बालपण, मधे मरण, वर देशाचा इतिहास.

पाचवी, अक्षरं. सगळ्यात वर लिहिलंय ‘मेड इन जपान’. तेव्हा परदेशात या शब्दांचा अर्थ होता स्वस्त माल. खेळणी, काडेपेट्या, फुटकळ वस्तू. योकोओने तो शिक्का स्वतःवर मारून घेतला. की हो, मी स्वस्त माल आहे. मी लेबल आहे.

आता मागे सरका आणि पूर्ण पोस्टर बघा. मधोमध एक मोठी आकृती. मागे किरणं. कोपऱ्यांत छोटे छोटे प्रसंग. सगळे काळ एकाच कागदावर. दोन्ही बाजू जवळपास सारख्या तोललेल्या. चारी बाजूंनी चौकट. खाली नाव.

आठवलं का काही?

कॅलेंडर! मधे देव, मागे प्रभावळ, कोपऱ्यांत अवतार नाहीतर लीला, खाली दुकानाचं नाव. अगदी तीच मांडणी. फरक इतकाच की देवाच्या जागी एक फाशी घेतलेला डिझायनर आहे.

१६:१५ हे साम्य आलं कुठून? कापसाचा रस्ता

इथे मला वाटलं होतं की हा निव्वळ योगायोग. पण जरा खोदल्यावर आपलाच जिल्हा सापडला.

वऱ्हाडचा कापूस. आपल्याकडच्या आखूड धाग्याच्या कापसाला जागतिक बाजारात ‘ऊमरा’ म्हणायचे, अमरावतीच्या नावावरून. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपली शकुंतला आली. यवतमाळ ते मूर्तिजापूर, सुमारे ११३ किलोमीटर, नॅरो गेज, मधे दारव्हा मोतीबाग स्टेशन. कापूस मूर्तिजापूरला मुख्य लाइनवर चढवायचा, तिथून मुंबई बंदर. शकुंतलाचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं, आणि ते १९९४ पर्यंत चाललं. आपल्या आईबाबांनी ते बघितलंय, विचारा त्यांना.

आता मुंबईवरून कापूस फक्त मँचेस्टरला जात नव्हता. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीने जमशेटजी टाटांच्या साथीने मुंबई ते कोबे अशी जहाजं सुरू केली. जपानच्या नव्या सूतगिरण्यांना स्वस्त, आखूड धाग्याचा कापूस हवा होता, आणि जपान पुढे भारतीय कापसाचं फार मोठं गिऱ्हाईक झालं. कोबे कुठे आहे? ह्योगो प्रांतात. निशिवाकी कुठे आहे? ह्योगो प्रांतात.

जहाजं परत येताना काय आणायची? बाकी मालाबरोबर काडेपेट्या. कोबे आणि आसपासचा भाग जपानच्या काडेपेटी उद्योगाचं मोठं केंद्र होता. आणि भारतात विकायच्या काडेपेट्यांवर तिकडचे छापखाने लक्ष्मी, कृष्ण, हनुमान छापायचे. कारण साधं आहे. गिऱ्हाइकाला वाचता येत नसेल तर तो ब्रँड नावाने मागत नाही, चित्राने मागतो. ‘ती हनुमानवाली दे.’ मँचेस्टरच्या कापडाच्या ताग्यांवरही असंच. आपल्याकडचा कापूस तिकडे जाऊन कापड व्हायचा आणि त्यावर आपल्याच देवाचं रंगीत लेबल चिकटून परत यायचा.

म्हणजे ही चित्रं आधी मुळात लेबलं होती. लांबून ओळखू यावी, गर्दीत उठून दिसावी, अक्षरओळख नसलेल्यालाही कळावी. म्हणून रंग भडक. म्हणून मधोमध एकच आकृती. म्हणून मागे किरणं, कारण किरणं तुमची नजर ओढून मधे आणतात. आजच्या भाषेत, ॲपचा आयकॉन. स्क्रीनवर चाळीस आयकॉन असताना तुमचा अंगठा ज्याच्यावर जातो, तो आयकॉन.

योकोओच्या निशिवाकीतली लेबलं आणि आजीच्या दारव्ह्यातलं कॅलेंडर, दोन्ही कापडाच्या दुकानात जन्मलेली भावंडं आहेत.

२१:३० मळवलीची शिळा आणि लग्नपत्रिकेची स्क्रीन

छपाईबद्दल थोडं बोलावं लागेल, कारण त्याशिवाय हे रंग असे का दिसतात ते कळत नाही.

१८९४ मध्ये राजा रविवर्मांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. नंतर तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला आणि चालवला. तिथून लक्ष्मी, सरस्वती, विश्वामित्र-मेनका अशी चित्रं देशभर गेली. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळायच्या आधी या छापखान्यात काम करत होते. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांचे हात या शाईत बुडालेले होते. १९७२ मध्ये मोठ्या आगीत हा छापखाना गेला.

पद्धत होती शिळाछापाची. गुळगुळीत दगड, त्यावर तेलकट खडूने चित्र, मग पाणी. पाणी तेलकट जागी थांबत नाही, आणि तेलकट शाई ओल्या जागी बसत नाही. बस, एवढ्यावर सगळी छपाई. पण एका दगडातून एकच रंग निघतो. लाल वेगळा दगड, पिवळा वेगळा, निळा वेगळा. कागद प्रत्येक दगडावरून जाणार आणि दर वेळी बरोब्बर त्याच जागी बसला पाहिजे. ज्यांनी कधी फोटो एडिटिंगमध्ये लेयर वापरले असतील त्यांना लगेच कळेल. प्रत्येक दगड एक लेयर.

योकोओ वापरत होता सिल्कस्क्रीन. हे तर आपल्या गावातलंच. लग्नपत्रिका, पिशव्या, मंडळाचे टी-शर्ट, जिथे स्क्रीन प्रिंटिंग चालतं तिथे हेच. जाळीवर स्टेन्सिल, त्यावरून शाई ओढायची. पुन्हा एका जाळीला एकच रंग. त्यामुळे रंग सपाट बसतो, कडा धारदार येते. सावली नाही, अंधुक काही नाही, सगळंच सारखं ठळक. लांबचं आणि जवळचं एकाच जोराने ओरडतं. सायकेडेलिक चित्रात डोकं गरगरतं त्याचं एक मोठं कारण हे आहे. डोळ्याला कुठे थांबायचं ते कळत नाही.

इथे एक फरकही सांगतो, नाहीतर सगळं एकच म्हणून मोकळा होईन. आपल्या कॅलेंडरवाल्यांना सपाट नको होतं. मूळचे गोव्याचे, पण मुंबईत काम केलेले रघुवीर मुळगावकर घ्या. त्यांचे देव किती मऊ! गालावरचा रंग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते सापडत नाही. त्यांना देव खरा, समोर उभा असल्यासारखा वाटायला हवा होता. तुम्ही हात जोडावेत म्हणून. योकोओला उलटं हवं होतं. हे छापलेलं आहे, कागद आहे, लेबल आहे, हे तुम्ही विसरू नये म्हणून. एकाचं चित्र तुम्हाला नमस्कार करायला लावतं, दुसऱ्याचं प्रश्न विचारायला. मांडणी एक, काम वेगळं.

आणि म्हणूनच आजीचा प्रश्न मी हसण्यावारी नेला ते चुकलं. ‘याले अंगात काऊन घातलं?’ तिच्यासाठी ते डिझाइन नव्हतं. रोज सकाळी त्याच्यापुढे उदबत्ती लागायची. लंडनच्या कव्हरने चित्राचे रंग घेतले, हात घेतले, नाग घेतले आणि नमस्कार तेवढा तिथेच सोडून दिला.

२७:०० योकोओ भारतात येतो

साठच्या दशकाच्या शेवटी योकोओ न्यूयॉर्कला गेला, तिकडची सायकेडेलिक लाट जवळून पाहिली. १९७२ मध्ये तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. ज्या लेबलांची टोकियोला लाज वाटत होती, ती न्यूयॉर्कच्या म्युझियमच्या भिंतीवर गेली. आणि मग टोकियोलाही आवडायला लागली! हा आमच्या टी-शर्टचाच प्रकार. बाहेरून फिरून आलं की घरचं गोड लागतं.

सत्तरच्या दशकात तो भारतात फिरला. त्याच्या चित्रांत बुद्ध, हिंदू देव, ग्रह-तारे, स्वर्ग-नरक सगळे एकत्र नांदायला लागले. १९७४ चा सँटाना बँडचा ‘लोटस’ हा अल्बम बघा. त्याचं कव्हर उलगडत जातं, उलगडतच जातं, बावीस पानांचं आहे ते. १९७८ मध्ये हारुओमी होसोनो या संगीतकारासोबत त्याने ‘कोचीन मून’ नावाचा अल्बम केला. कल्पना अशी की हे एका हिंदी सिनेमाचं संगीत आहे, फक्त तो सिनेमा अस्तित्वातच नाही.

मला विचाराल तर त्याला भारत परका वाटला नसणार. त्याच्या गावच्या दुकानातला सूर्य इथे प्रत्येक पानटपरीवर होता.

३०:१० मग असं चित्र वाचायचं कसं?

मी कलासमीक्षक नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे माझी पद्धत डीबगिंगची. चार प्रश्न.

एक, मधोमध कोण आहे? तिथे साधारण कोण असायला हवं होतं आणि त्याच्या जागी कोण बसवलंय?

दोन, कोपऱ्यांत काय आहे? घाईत आपण कोपरे बघत नाही, आणि गोष्ट तिथेच लिहिलेली असते.

तीन, या खुणा आधी कुठे बघितल्यात? किरणं, कमळ, डोळा, कवटी, ट्रेन. खूण कधीच कोरी नसते, आधीच्या मालकाचा वास घेऊन येते. योकोओच्या किरणांना दुकान आणि युद्ध दोन्हीचा वास आहे.

चार, हे चित्र मूळ कुठे लटकायचं होतं? देवघरात, दुकानात, म्युझियममध्ये की छातीवर? जागा बदलली की अर्थ बदलतो, खुणा त्याच राहिल्या तरी.

तुमच्या फीडमध्ये एआयने केलेली ट्रिपी चित्रं रोज येत असतील. त्यांना हे चार प्रश्न लावून बघा. बऱ्याचदा तिसऱ्या प्रश्नालाच चित्र कोसळतं. डोळे आहेत, किरणं आहेत, कमळ आहे, पण कोणाच्याच आठवणीतलं काही नाही. योकोओच्या कागदावर त्याचा स्वतःचा दीड वर्षाचा फोटो आहे.

३३:४५ शेवट. हरवलेलं दुकान

योकोओ १९८० च्या सुमारास, न्यूयॉर्कला पिकासोचं मोठं प्रदर्शन बघितल्यावर, डिझाइन मागे ठेवून चित्रकलेकडे वळला. आणि २००० मध्ये त्याने एक मालिका सुरू केली, रस्त्याच्या फाट्यांची. इंग्रजी वाय अक्षरासारखा रस्ता जिथे दोन्हीकडे फुटतो, ते ठिकाण.

ती सुरू कशी झाली बघा. तो निशिवाकीला गेला होता. लहानपणी ज्या मॉडेलच्या खेळण्यांच्या दुकानासमोरून जायचा ते शोधत होता. दुकान राहिलेलं नव्हतं. त्याने रात्री त्या जागेचा फ्लॅश मारून फोटो काढला. फोटोत त्याच्या आठवणीतलं काहीच नव्हतं. फक्त एक फाटा होता, आणि दोन्ही रस्ते अंधारात गेलेले. ते त्याने रंगवलं. आणि मग तसे फाटे रंगवतच राहिला. २०१२ मध्ये त्याच्या नावाचं म्युझियम उघडलं. कुठे? कोबेला. जिथे आपला कापूस उतरायचा.

मी मागच्या दिवाळीत दारव्ह्याला गेलो तेव्हा पारावर जाऊन आलो. आमची फ्रेम नव्हती. एवढ्या पावसाळ्यांनंतर असणारही नव्हती. बाकीच्या चार-पाच होत्या, काचा फुटलेल्या, आतला कागद फुगून पांढरा झालेला.

मग काकांच्या मोबाइलमध्ये एक जुना फोटो सापडला. आजोबा खुर्चीत बसलेत आणि मागे भिंतीवर तेच चित्र. पण फ्लॅश काचेवर उडालाय. मधला देव पूर्ण पांढरा. दिसतात ते फक्त चार कोपरे आणि खालची पट्टी. मी झूम केलं. एका कोपऱ्यात कासव, एका कोपऱ्यात नरसिंह. इतकी वर्षं त्या खोलीत जेवलो, झोपलो, अभ्यास केला, पण हे कोपरे मी पहिल्यांदा पाहिले. आणि खालच्या पट्टीवर नाव होतं एका कापड दुकानाचं. दारव्ह्याच्याच.

आजीला दाखवलं. ती म्हणाली, “त्या वर्षी तुह्या बापाच्या लग्नाचं कापड तिथूनच घेतलं होतं. तवा देल्लं होतं त्यानं कॅलेंडर.” चित्राचा हा अर्थ कुठल्याच म्युझियमला सांगता आला नसता.

टी-शर्ट मी फेकला नाही. पण आजीसमोर घालत नाही.

तर मंडळी, एक काम करा. घरी किंवा आजोळी अशी तसबीर असेल तर दिवाळीची साफसफाई करायच्या आधी तिचा नीट फोटो काढा. फ्लॅश बंद करून! चारी कोपरे येऊ द्या, आणि खालची पट्टी सोडू नका. छापखान्याचं नाव, दुकानाचं नाव, गाव, जे काही बारीक अक्षरात असेल ते वाचा. आणि ते घरात कसं आलं, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. आवाज रेकॉर्ड करून ठेवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, बघत राहा. कोपरेसुद्धा.